इमाम गझाली (रह.) आणि दिवसरात्रीची वाटणी

इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचे नाव निघाले की ‘इह्या उलूमिद्दीन’ हा त्यांचा ग्रंथराज आठवतो, ‘हुज्जतुल इस्लाम’ ही त्यांची पदवी आठवते आणि तत्त्ववेत्त्यांशी त्यांनी घातलेला वाद आठवतो. ‘इह्या’च्या चाळीस भागांपैकी दहावा भाग मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. त्याचा विषय साधा आहे. एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा काळ माणसाने कसा वाटून घ्यावा, कोणते काम कोणत्या वेळी करावे, आणि ज्याच्या शिरावर प्रपंचाचा भार आहे त्याला त्यातले किती झेपेल, याचा विचार तेथे केलेला आहे. हा भाग एखाद्या जन्मजात विरक्ताने लिहिलेला नाही. तो लिहिणारा मनुष्य एके काळी आपल्या युगातील सर्वांत व्यग्र आणि सर्वांत यशस्वी प्राध्यापक होता, आणि ऐन यशात त्याची दिनचर्या कोसळली होती. म्हणून या भागाकडे जाण्यापूर्वी त्यांचे आयुष्य पाहणे आवश्यक आहे.

हिजरी ४५० (इ.स. १०५८) मध्ये खुरासान प्रांतातील तूस या शहरी त्यांचा जन्म झाला. वडील लोकर कातून आपल्या दुकानात विकत. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते आणि त्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. विद्वानांच्या मजलिसीत ते हौसेने बसत, जमेल तशी त्यांची सेवा करीत, आणि आपल्या पोटी विद्वान पुत्र जन्मावा अशी दुवा मागत. मृत्यू जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या स्वाधीन केले, जवळची थोडीशी पुंजी त्याच्या हाती दिली आणि ती संपेपर्यंत खर्च करून मुलांना शिकवावे अशी वसीयत केली. पुंजी लवकरच संपली. तो मित्र स्वतः फकीर होता. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून त्याने त्यांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथे विद्यार्थ्याला शिक्षणासोबत अन्नही मिळत असे. म्हणजे इमामसाहेबांच्या ज्ञानसाधनेचा आरंभ दोन वेळच्या भाकरीच्या चिंतेतून झाला. ही गोष्ट त्यांनी पुढे कधी लपवली नाही, आणि आपल्या हेतूंविषयी ते नंतर इतके साशंक का झाले, याचे एक मूळ कदाचित येथेच असावे.

तरुणपणीचा एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षणासाठी ते जुर्जानला गेले होते. तेथून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. त्यांच्या पिशवीत गुरूंच्या पाठांची टिपणे होती. जिवाची पर्वा न करता ते लुटारूंच्या मागे गेले आणि म्होरक्याला विनवू लागले की पिशवी तेवढी परत द्या, तुम्हाला तिचा काही उपयोग नाही, माझे सारे ज्ञान तिच्यात आहे. म्होरक्याला हसू आले. पिशवी गेल्याबरोबर जे ज्ञान जाते त्याला ज्ञान कसे म्हणावे, असे त्याने विचारले आणि पिशवी परत केली. गझालींनी त्या दरोडेखोराचे बोलणे अल्लाहकडून आलेला इशारा मानले. तूसला परतल्यावर तीन वर्षे घालवून त्यांनी ती सर्व टिपणे मुखोद्गत केली. आज आपण आपली कामे, संकल्प आणि दुवासुद्धा मोबाईलमध्ये नोंदवून निश्चिंत होतो. आपला मोबाईल हरवला तर त्या म्होरक्याचा प्रश्न आपल्यालाही लागू पडेल.

पुढे निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्याकडे त्यांनी फिक्ह, कलाम आणि तर्कशास्त्र यांचा अभ्यास केला. हिजरी ४७८ (इ.स. १०८५) मध्ये गुरूंचे निधन झाले, तेव्हा गझाली तिशीच्या आतले होते. सल्जूक सल्तनतीचा वजीर निजामुल्मुल्क विद्वानांचा मोठा आश्रयदाता होता. त्याच्या छावणीत होणाऱ्या वादविवादांत या तरुणाने भल्याभल्यांना निरुत्तर केले. हिजरी ४८४ (इ.स. १०९१) मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. त्या काळी इस्लामी जगात यापेक्षा मानाचे अध्यापकपद क्वचितच असेल.

बगदादची ती चार वर्षे नीट पाहण्यासारखी आहेत. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापाशी शिकत होते. फतवे विचारणाऱ्यांची रीघ असे, खिलाफतीच्या आणि सल्तनतीच्या दरबारांत त्यांचा शब्द मानला जाई. अध्यापन आणि लेखन यांतून जे क्षण उरत त्या क्षणांत त्यांनी ग्रीक परंपरेच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, तोही कोणा गुरूच्या मदतीशिवाय, केवळ ग्रंथ वाचून. दोन वर्षांच्या आतच त्यांनी ते शास्त्र आत्मसात केले. त्यानंतर जवळजवळ एक वर्ष त्यावर चिंतन केले आणि ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ लिहिला, ज्याला उत्तर देण्यासाठी पुढच्या शतकात इब्ने रुश्द यांना लेखणी उचलावी लागली. उरलेल्या वेळेचा असा उपयोग करणारी माणसे इतिहासात थोडी आहेत. वेळेच्या नियोजनाचे धडे देणाऱ्या आजच्या कोणत्याही शिक्षकाने त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

याच सुमारास काळाने आपले रूप दाखवले. हिजरी ४८५ च्या रमजानमध्ये (इ.स. १०९२) निजामुल्मुल्कचा खून झाला आणि पुढच्याच महिन्यात सुलतान मलिकशाह मरण पावला. ज्यांच्या छायेत हे वैभव उभे होते ते दोन्ही वृक्ष काही आठवड्यांत उन्मळून पडले.

हिजरी ४८८ च्या रजबमध्ये (इ.स. १०९५) गझालींच्या अंतःकरणात सुरू असलेला संघर्ष टोकाला गेला. आपल्या कामांचा त्यांनी हिशेब मांडला. सर्वांत उत्तम काम अध्यापनाचे, पण त्यातही आपण अशा विद्यांत गुंतलो आहोत ज्या आखिरतच्या मार्गावर उपयोगी नाहीत, असे त्यांना दिसले. मग त्यांनी आपल्या नियतीकडे पाहिले. ती अल्लाहसाठी निर्मळ नव्हती, तिच्यामागे मानमरातब आणि कीर्तीची ओढ होती. बगदाद सोडून जावे, असा निश्चय सकाळी होई आणि संध्याकाळी वासनांची फौज येऊन तो मोडून टाकी. एक पाऊल पुढे, एक मागे, असे सुमारे सहा महिने चालले. शेवटी जीभच बांधली गेली. विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी एखादा दिवस तरी शिकवावे म्हणून ते प्रयत्न करीत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. अन्नपाणी गळ्याखाली उतरेना. दुखणे हृदयात आहे आणि तेथून शरीरात उतरले आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध चालणार नाही, असे सांगून हकिमांनी हात टेकले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. आपल्या घरांत वेळेविषयी जी तक्रार असते ती बहुधा आळसाची असते. मुलगा उशिरा उठतो, दिवस वाया जातो, कामे राहून जातात, अशी ती तक्रार. गझालींच्या दिवसात एकही घटका रिकामी नव्हती. वाया गेलेला वेळ शोधायला गेले असते तर तो सापडला नसता. तरीही हा सारा भरगच्च दिवस कोणासाठी चालला आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. कामे वेळेवर होत होती, पण ती करवून घेणारा नफ्स होता. या दुखण्यावर वेळापत्रक सुधारणे हा इलाज नव्हता, आणि त्यांनी तो केलाही नाही.

त्यांनी काय केले? जाताना त्यांनी बेजबाबदारपणा केला नाही. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते बाजूला ठेवून उरलेली संपत्ती वाटून टाकली. निजामियातील अध्यापन धाकटे बंधू अहमद यांच्याकडे सोपवले. खलिफाने आणि मित्रांनी अडवू नये म्हणून मक्केला जात असल्याचे सांगितले, पण मनात शामला, म्हणजे सीरियाला, जाण्याचे ठरवले होते. अशा रीतीने हिजरी ४८८ च्या अखेरीस त्यांनी बगदाद सोडले.

दमिश्कमध्ये ते जवळजवळ दोन वर्षे राहिले. उमवी मशिदीच्या मिनारावर चढून ते दार आतून लावून घेत आणि दिवसभर तेथेच असत. पुढे बैतुल मुकद्दसला गेले. तेथेही रोज कुब्बतुस्सखरात जाऊन दार लावून घेत. नंतर अल-खलील नगरात हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या मजारपाशी त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या: कोणत्याही सुलतानाचा पैसा घ्यायचा नाही, कोणत्याही सुलतानाच्या दरबारी जायचे नाही, आणि वादसभेत कोणाशी वाद घालायचा नाही. या तिन्ही गोष्टींत ते निष्णात होते. त्यांचे नाव, पद आणि उत्पन्न यांतूनच आले होते. काय करायचे याची यादी सगळेच करतात. आपल्याला उत्तम जमते अशी कोणती कामे यापुढे करायची नाहीत, हे ठरवणे मात्र फार थोड्यांना साधते. इमामसाहेबांनी आपल्या नव्या दिनक्रमाची सुरुवात तेथून केली.

नंतर हज झाला, मदीनेला जाऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या रौजाची जियारत झाली. मग मुलांची ओढ आणि त्यांच्या हाका त्यांना मायदेशी घेऊन आल्या. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्याने एवढे वैभव सोडले त्याला लेकरांची आठवण सोडता आली नाही, आणि ती सोडण्यात काही पुण्य आहे असे त्याने मानलेही नाही. घरी आल्यावर एकांत पुष्कळ काळ टिकवला, पण तो पहिल्यासारखा अखंड राहिला नाही. काळाच्या उलथापालथी, कुटुंबाची कामे आणि उदरनिर्वाहाच्या गरजा एकांताचे पाणी पुन्हापुन्हा गढूळ करीत. निर्मळ अवस्था अधूनमधूनच लाभे. आपल्या ‘अल-मुन्किज मिनज्जलाल’ या आत्मवृत्तात त्यांनी हे निःसंकोचपणे लिहिले आहे, आणि त्यासोबत हेही लिहिले आहे की अडथळे आले म्हणून त्यांनी आशा सोडली नाही, अडथळा दूर झाला की ते परत वळत. सुमारे दहा वर्षे असेच चालले. मिनारावरच्या बंद दारामागे वेळ सांभाळणे तुलनेने सोपे. घरात लेकरे असताना तो सांभाळायचा तर वेगळी पद्धत लागते. ‘इह्या’ याच वर्षांत लिहिला गेला, हे लक्षात ठेवून त्यातील औरादचा भाग वाचावा.

‘विर्द’ म्हणजे ठरावीक वेळी नेमाने करायचे काम किंवा उपासना. ‘औराद’ हे त्याचे अनेकवचन. इमामसाहेबांनी दिवसाचे सात भाग पाडले. फज्रची वेळ होण्यापासून सूर्योदयापर्यंत पहिला. सूर्योदयापासून जुहापर्यंत, म्हणजे ऊन बऱ्यापैकी वर येईपर्यंत, दुसरा. तेथून माध्यान्हापर्यंत तिसरा. सूर्य ढळल्यापासून जुहरची नमाज आटोपेपर्यंत चौथा, तेथून असरपर्यंत पाचवा, असरपासून ऊन पिवळे पडेपर्यंत सहावा आणि तेथून सूर्यास्तापर्यंत सातवा. यात घड्याळ कोठेही नाही. नमाजांच्या वेळा आणि सूर्याची चाल हेच खांब, आणि त्यांच्यामधल्या खणांत कामे बसवलेली. रात्रीचीही वाटणी अशीच. झोपेलाही त्यांनी रात्रीच्या औरादमध्ये गणले आहे, कारण योग्य नियतीने आणि अदबीने घेतलेली झोप ही उपासनाच ठरते.

एवढे भाग का पाडायचे? त्यांच्या मते माणसाचा नफ्स एकाच कामाला लवकर कंटाळतो. म्हणून त्याला एका प्रकारच्या कामातून दुसऱ्या प्रकारच्या कामात नेत राहावे, म्हणजे गोडी टिकते. विद्वानाचा दिवस आखताना त्यांनी हे तत्त्व किती बारकाईने वापरले ते पाहा. पहाटेचा जिक्र हे जिभेचे काम. सूर्योदयानंतर शिकवणे किंवा कठीण प्रश्नांवर विचार करणे हे मनाचे काम, कारण तेव्हा मन ताजे असते आणि प्रपंचाच्या चिंतांनी अजून व्यापलेले नसते. नंतर असरपर्यंत वाचन आणि लेखन, हे डोळ्यांचे आणि हाताचे काम. असरनंतर तफसीर किंवा हदीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी आणि आपण ऐकावी, हे कानाचे काम. दिवसाच्या त्या प्रहरी वाचन-लेखन केल्याने डोळ्यांना अपाय होऊ शकतो, असेही त्यांनी नमूद केले आहे. रात्रीच्या बाबतीत त्यांना इमाम शाफई (रह.) यांची वाटणी सर्वांत चांगली वाटते: एक तृतीयांश ज्ञानासाठी, एक तृतीयांश नमाजसाठी, एक तृतीयांश झोपेसाठी. पण लगेच ते सांगतात की हे हिवाळ्याच्या लांब रात्रींत जमेल, उन्हाळ्यात जमेलच असे नाही, दिवसा पुरेशी झोप झाली असेल तर गोष्ट वेगळी. ऋतू बदलला की नियम सैल करणारा हा शिक्षक आहे.

दुपारच्या झोपेविषयीचा त्यांचा विचार वाचून हसू येते आणि पटतेही. जशी सहरी रोजाला मदत करते तशी दुपारची झोप रात्रीच्या नमाजला मदत करते, म्हणून ती सुन्नत. पण जो रात्री उठतच नाही त्याचे काय? जागा राहून तो जर चांगले काही करणार नसेल, उलट गाफील लोकांत बसून गप्पा मारणार असेल, तर त्याने झोपलेलेच बरे, असा त्यांचा निर्णय आहे. माणसाला ओळखल्याशिवाय असा निर्णय देता येत नाही.

या भागाचा खरा गाभा यापुढे आहे. एवढी तपशीलवार दिनचर्या आखल्यावर इमामसाहेब म्हणू शकले असते की आता सर्वांनी ही पाळावी. तसे त्यांनी केले नाही. आखिरतच्या मार्गावर चालणारे लोक त्यांनी सहा प्रकारचे मानले: उपासक, विद्वान, विद्यार्थी, रोजगार करणारा, लोकांच्या कारभाराची जबाबदारी असलेला, आणि अल्लाहच्या स्मरणात पूर्णपणे बुडालेला. प्रत्येकाची दिनचर्या वेगळी. पहिल्याचे वेळापत्रक चौथ्याने उचलले तर ते चुकेल, असे ते स्पष्ट सांगतात.

ज्याला सारा दिवस उपासनेसाठी मोकळा आहे त्याने वर सांगितलेली वाटणी पाळावी. विद्यार्थ्यासाठी मात्र नफिल नमाज आणि जिक्र यांपेक्षा अभ्यास श्रेष्ठ. कारभाऱ्याने, मग तो इमाम असो, काजी असो की मुस्लिमांच्या कामांचा अन्य जबाबदार असो, दिवसा फर्ज तेवढे पूर्ण करून लोकांचे हक्क द्यावेत आणि आपले औराद रात्री करावेत. हजरत उमर (रजि.) यांचा शिरस्ता असाच होता. दारात गरजवंत उभा असताना आत तसबीह ओढत बसणाऱ्या जबाबदार माणसाला या व्यवस्थेत जागा नाही. मशिदीत इमामत करणाऱ्या आम्हा लोकांनी हे कलम विशेष लक्षपूर्वक वाचावे.

आता रोजगार करणारा. ज्याला कुटुंबासाठी कमवावे लागते त्याने घरच्यांना उपाशी ठेवून सर्व वेळ उपासनेत घालवणे योग्य नाही, हे इमामसाहेब निःसंदिग्धपणे सांगतात. कामाच्या वेळी बाजारात हजर राहणे आणि आपला धंदा करणे हाच त्याचा विर्द. मात्र हात कामात असताना जिभेने आणि मनाने अल्लाहचे स्मरण चालू ठेवावे, कारण ते कामाच्या आड येत नाही. नफिल नमाज कामाच्या आड येते, म्हणून ती त्या वेळी अपेक्षित नाही. अपवाद फक्त शेताबागेची राखण करणाऱ्याचा, कारण त्याला राखण करताकरता नमाजही पढता येते. एवढ्या लहान अपवादाचा विचार ज्याने केला त्याने माणसांचे धंदे जवळून पाहिले होते. लोकर कातणाऱ्या बापाचे दुकान या मुलाच्या स्मरणातून गेले नसावे. गरजेपुरते मिळाल्यावर त्याने आपल्या औरादकडे वळावे. आणि तो कमावतच राहिला, पण वरची कमाई सदका म्हणून देत राहिला, तर ते औरादपेक्षाही श्रेष्ठ, कारण ज्या उपासनेचा लाभ इतरांना पोचतो ती केवळ आपल्यापुरत्या उपासनेपेक्षा मोठी.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्या आपल्या भावांना अनेकदा वाटते की धार्मिक जीवन हे फुरसत असणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्यासाठी नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली दिनचर्या आहे, आणि तिचा पाया पाच वेळची नमाज व हलाल रोजी हा आहे.

गझालींच्या सहा प्रकारांत गृहिणीचा वेगळा उल्लेख नाही. मात्र त्यांच्याच तत्त्वाने पाहिले तर तिची गणना रोजगार करणाऱ्यात आणि कारभार पाहणाऱ्यात, अशी दोन्हीकडे करावी लागेल. तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या भगिनीने शेजारणीइतके पारे वाचून होत नाहीत म्हणून खंत करू नये. तिचा दिवस सेवेने भरलेला आहे आणि त्या सेवेचा लाभ दुसऱ्याला पोचतो. घरातील पुरुषांनी मात्र तिला फज्रनंतरचा किंवा इशानंतरचा एखादा निवांत अर्धा तास मिळेल अशी व्यवस्था करावी, कारण पहिला विर्द कोणत्याही प्रकारच्या माणसाने सहसा सोडू नये असाच या व्यवस्थेचा कल आहे.

‘इह्या’नंतर त्यांनी ‘बिदायतुल हिदाया’ ही छोटी पुस्तिका लिहिली. आपल्या कोकणातील मुस्लिम बहुतांश शाफई आहेत आणि गझाली शाफई मजहबचे मोठे इमाम, म्हणून कोकणी वाचकांना ती जवळची वाटावी. झोपेतून उठल्यापासूनचा दिनक्रम तिच्यात सांगितला आहे. सूर्योदयानंतरच्या मोकळ्या वेळेत काय करावे याचा चढउतार त्यांनी असा लावला आहे: सर्वांत वर उपयुक्त ज्ञान मिळवणे. ते जमत नसेल तर उपासना. तेही जमत नसेल तर लोकांच्या उपयोगी पडेल, ईमानधारकांच्या मनाला आनंद देईल असे काम. तेही नसेल तर आपली आणि घरच्यांची रोजी कमावणे, अशा रीतीने की कोणाला आपल्या हाताचा वा जिभेचा उपद्रव होणार नाही. ही शेवटची पायरीही सुरक्षित आहे. तिच्या खाली मात्र सैतानाचे कुरण सुरू होते. समोर येईल ते काम येईल तसे करत दिवस ढकलणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. आयुष्य हे भांडवल आहे, आणि व्यापारी भांडवलाचा हिशेब ठेवतो. झोपेसाठी दिवसरात्रीतील आठ तास त्यांनी पुरेसे मानले आणि गणित मांडून दाखवले की साठ वर्षे जगलेल्या माणसाची वीस वर्षे एवढ्यानेच झोपेत जातात.

हिशेबाचा हा दृष्टांत ‘इह्या’च्या अडतिसाव्या भागात विस्ताराने येतो. भागीदाराला माल सोपवताना व्यापारी आधी अटी ठरवतो, मग त्याच्यावर नजर ठेवतो, आणि शेवटी हिशेब घेतो. नफ्स हा आपला असाच भागीदार. सकाळी फज्रनंतर त्याच्याशी अटी ठरवाव्यात, दिवसभर पाळत ठेवावी, रात्री हिशेब मागावा. दिवसाचे चोवीस तास म्हणजे चोवीस कोठारे अशी कल्पना करावी. काही उजेडाने भरलेली निघतील, काही अंधाराने आणि दुर्गंधीने, आणि काही नुसती रिकामी. रिकाम्या कोठाराचाही पश्चात्ताप होईलच, कारण ते भरता आले असते.

सातत्याविषयी त्यांचे मत ठाम होते. एखाद्या रात्री खूप जागून उपासना करायची आणि मग महिनाभर काहीच नाही, याचा मनावर ठसा उमटत नाही. विद्यार्थी एक रात्र घोकंपट्टी करून आणि पुढे आठवडाभर पुस्तक मिटून फकीह होत नाही, तसेच हे. थेंब थेंब पाणी एकाच जागी पडत राहिले तर जमिनीत खळगा पडतो, तेच पाणी एकदम ओतले तर वाहून जाते. रमजानमध्ये मशीद भरते आणि शव्वालमध्ये पहिल्या रांगेतही जागा उरते, हे आपण दरवर्षी पाहतोच.

एक सूचना येथे करणे माझे कर्तव्य आहे. ‘इह्या’तील विशिष्ट दुवा, त्यांची संख्या आणि त्यांचे सवाब यांविषयीच्या सर्वच रिवायती सारख्या दर्जाच्या नाहीत. हाफिज जैनुद्दीन इराकी (रह.) यांनी या ग्रंथातील हदीसींची छाननी करून बळकट कोणत्या आणि दुबळ्या कोणत्या हे दाखवले आहे. म्हणून एखादा विशेष विर्द सुरू करण्यापूर्वी जाणत्या आलिमला विचारावे. दिवसाच्या वाटणीचे मूळ तत्त्व यामुळे डळमळत नाही.

हिजरी ४९९ (इ.स. ११०६) मध्ये वजीर फखरुल्मुल्क, म्हणजे निजामुल्मुल्कचाच पुत्र, याच्या आग्रहावरून गझाली निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. अध्यापन सोडून अकरा वर्षे झाली होती. यावर लोकांनी बोट ठेवले, आणि ते स्वाभाविकही होते. एवढे सोडून गेलेला माणूस परत त्याच गादीवर बसला. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की वरवर पाहता आपण परतलो असलो तरी हे परतणे नव्हे, कारण पूर्वी ज्या विद्येने मान मिळतो ती आपण शिकवत होतो आणि आता ज्या विद्येने मान सोडला जातो ती शिकवतो. मला हे स्पष्टीकरण पटते, कारण पुढच्या वागण्याने त्यांनी ते सिद्ध केले. निशापुरात ते फार काळ राहिले नाहीत. तूसला परतून घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि साधकांसाठी खानकाह उभारली. हिजरी ५०४ मध्ये बगदादच्या निजामियाचे पद पुन्हा चालून आले, तेच पद ज्यासाठी कोणीही विद्वान आनंदाने प्रवासाला निघाला असता. त्यांनी नकार दिला. तूसमध्ये शिकणारे सुमारे दीडशे विद्यार्थी, मुलेबाळे आणि अल-खलील नगरातील त्या तीन प्रतिज्ञा, ही कारणे त्यांनी कळवली.

त्यांना प्रत्यक्ष भेटलेले चरित्रकार अब्दुल गाफिर फारसी यांनी या अखेरच्या काळाचे वर्णन केले आहे. हे गृहस्थ आधी त्यांच्या बदलाविषयी साशंक होते. तरुणपणीचा गझालींचा गर्व आणि इतरांना तुच्छ लेखणे त्यांनी पाहिले होते, म्हणून ही नम्रता ओढूनताणून आणलेली असावी असे त्यांना वाटे. पुष्कळ चौकशीनंतर त्यांची खात्री पटली. ते नोंदवतात की गझालींनी आपला वेळ कुरआनच्या पठणात, अंतःकरणाच्या साधकांसोबत बसण्यात आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यात वाटून घेतला होता, आणि त्यांचा किंवा त्यांच्यासोबतच्या लोकांचा एकही क्षण लाभाविना जात नसे. बगदादच्या दिवसातही एखादा क्षण रिकामा नव्हता आणि तूसच्या दिवसातही नव्हता.

याच शेवटच्या दिवसांत ते हदीसकडे वळले. बुखारी आणि मुस्लिम या दोन सहीह संग्रहांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. पन्नाशी ओलांडलेला, असंख्य ग्रंथांचा कर्ता, पुन्हा विद्यार्थी होऊन बसला.

हिजरी ५०५, जमादिउल आखिरच्या १४ तारखेला, सोमवारी (डिसेंबर ११११) पहाटे त्यांनी वुजू केले आणि नमाज पढली. मग आपले कफन मागवले. ते हाती घेऊन चुंबले, डोळ्यांना लावले आणि मालकाच्या दरबारी हजर होण्यास आपण राजी असल्याचे सांगितले. नंतर पाय लांब करून किबल्याकडे तोंड केले आणि पुरते उजाडण्यापूर्वी त्यांचा प्राण गेला. हे त्यांचे बंधू अहमद यांनी सांगितले आहे. चांद्र वर्षांनी त्यांचे वय तेव्हा ५५ होते. त्यांच्यामागे केवळ मुली होत्या. तूसच्या ताबरान या भागात त्यांना दफन करण्यात आले.